बर्डीवरची व्हीसीपी दुरुस्ती आणि आमच्या रजिस्टरातला मेनाहेम गोलान

नागपुरात सीताबर्डीच्या मेन रोडवरून आतल्या गल्लीत वळलं की मोबाइलची कव्हरं आणि चार्जर विकणाऱ्या दुकानांच्या मधोमध एक अरुंद जिना लागतो. वर दहा बाय आठची खोली. तिथे अजूनही व्हीसीआर, व्हीसीपी (व्हिडिओ कॅसेट टीव्हीवर दाखवणारी मशीन), टेपरेकॉर्डर, जुने डेक दुरुस्त होतात. दुकानाचं नाव देत नाही, कारण मालकांनीच सांगितलं, "काकू, लिहा जे लिहायचं ते, पण नाव-नंबर नका टाकू. मी एकटा माणूस. गर्दी झाली का मग कामं अडकून राहतात."

मी आमचा फुनाई कंपनीचा व्हीसीपी घेऊन गेले होते. मुलगा कधीचा म्हणत होता, भंगारात दे. पण १९८६ ते १९९८ अशी बारा वर्षं आम्ही महाल भागात, वाड्याच्या रस्त्याकडच्या खोलीत व्हिडिओ लायब्ररी चालवली. ह्यांची नोकरी असायची, त्यामुळे सकाळी अकरा ते संध्याकाळी सात काउंटरवर मीच. मुलाची फी, घराची डागडुजी, नणंदेच्या लग्नातला आमचा वाटा, सगळं त्या कॅसेटांनी निभावलं. लायब्ररी बंद केली तेव्हा बाकीचा माल किलोवर गेला. चाळीसेक कॅसेटा मी काढून ठेवल्या. त्यांतल्या निम्म्याहून जास्त एकाच माणसाच्या कंपनीच्या आहेत.

त्या माणसाचं नाव मेनाहेम गोलान. इस्रायलचा दिग्दर्शक आणि निर्माता. आमच्या गिऱ्हाइकांतल्या एकानेही कधी हे नाव घेतलं नाही. पोरं यायची ती "काकू, निंजावाली आहे का?" किंवा "चक नॉरिसची नवीन आली का?" असं विचारत. काही जण पंजावाली, म्हणजे पंजा लढवण्याची, मागायचे. पिक्चर सुरू होण्याआधी चकचकीत धातूचा एक शिक्का पडद्यावर येऊन जुळायचा, त्यावर काही पोरं ओळखायची: तो शिक्का आला म्हणजे पैसे वसूल. तो शिक्का कॅनन फिल्म्सचा, आणि कॅनन म्हणजे गोलान आणि त्याचा चुलतभाऊ योराम ग्लोबस. कव्हरवर खाली बारीक अक्षरात दोघांची नावं असायची. मी रजिस्टरात पिक्चरच्या नावापुढे कंसात ‘गो.ग्लो.’ असं लिहून ठेवायचे, म्हणजे नवीन माल आणताना ह्यांना सांगता येई की इतवारीत ठोकवाल्याकडे ‘गो.ग्लो.’ काय आलंय ते आधी बघा.

ते रजिस्टर अजून आहे, लाल पुठ्ठ्याचं, लांबट. तारीख, नाव, डिपॉझिट, परत. १९८७ च्या मे महिन्याची पानं उघडली की ‘अमेरिकन निंजा’ एका दिवसाआड दिसतं. सुट्ट्या, बाहेर पंचेचाळीस डिग्री, घरात कूलर आणि खाली सतरंजीवर गल्लीतली दहा पोरं. एका कॅसेटीचे दिवसाला दहा रुपये, ते सगळे मिळून आणायचे, चिल्लर मोजून काउंटरवर ठेवायचे. त्या महिन्यात ती कॅसेट इतक्यांदा फिरली की टेप सुरुवातीला चुरगळली, मग मी पहिला तुकडा कापून चिकटवला. कुणी तक्रार केली नाही. फक्त शिक्का गेला, तर एक पोरगा म्हणाला, "काकू, ते लोखंडी चिन्ह कुठं गेलं?"

एक सांगायला हवं. ‘अमेरिकन निंजा’ गोलानने दिग्दर्शित केलेला नाही, तो सॅम फर्स्टेनबर्गचा, १९८५ सालचा. फर्स्टेनबर्गही इस्रायलमध्ये वाढलेला. पण निंजाची ही लाट सुरू केली गोलाननेच. १९८१ मध्ये फ्रँको नीरो ह्या इटालियन नटाला घेऊन त्याने स्वतः ‘एंटर द निंजा’ केला, चित्रीकरण फिलिपाइन्समध्ये. त्यात शो कोसुगी नावाचा जपानी नट खलनायक होता. लोकांनी त्यालाच उचलून धरलं, तर पुढच्या चित्रपटात गोलानच्या कंपनीने त्याला नायक केलं. गिऱ्हाईक कशाकडे बघतंय हे त्या माणसाला कळायचं. मी बारा वर्षं काउंटर सांभाळलाय, मला ह्या गोष्टीची किंमत माहीत आहे.

गोलान १९२९ साली तिबेरियास गावात जन्मला. मूळ आडनाव ग्लोबसच, गोलान हे त्याने पुढे लावून घेतलं. लंडनला नाटक शिकला, न्यूयॉर्कला सिनेमा, आणि कमी पैशात झटपट पिक्चर काढण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या रॉजर कॉर्मनच्या हाताखाली उमेदवारी केली. १९६३ मध्ये पहिला चित्रपट. १९६४ चा ‘सल्लाह शबाती’ त्याने निर्माण केला, दिग्दर्शन एफ्राइम किशोनचं, आणि इस्रायलच्या चित्रपटाला ऑस्करचं नामांकन मिळण्याची ती पहिली वेळ. १९७३ मध्ये त्याने ‘कझाब्लान’ नावाचा गाण्यांचा चित्रपट केला, तोही तिकडे तुफान चालला. मग ‘ऑपरेशन थंडरबोल्ट’. १९७६ च्या जुलैमध्ये युगांडात एंटेबे विमानतळावर ओलिसांची सुटका झाली, आणि दुसऱ्याच वर्षी गोलानने त्यावर चित्रपट काढला. ह्या चित्रपटाला ऑस्करचं नामांकन होतं. म्हणजे हा माणूस अमेरिकेत जाण्याआधीच घरी मोठा होता. आम्ही त्याला फक्त निंजा आणि बंदुकांवरून ओळखत होतो, हे आता वाईट वाटतं.

१९७९ मध्ये दोघा भावांनी डबघाईला आलेली कॅनन कंपनी विकत घेतली. धंद्याची पद्धत अशी की पिक्चर बनवायच्या आधीच पोस्टर छापायचं, नट आणि नाव ठरवायचं, फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या वेळी तिथल्या बाजारात ते मांडायचं, देशोदेशीच्या वितरकांकडून आगाऊ पैसे घ्यायचे आणि त्या पैशात पिक्चर काढायचा. आपल्याकडे लग्नाच्या मांडवाचा विसार घेऊन बांबू आणतात, तसंच. भरभराटीच्या दिवसांत कंपनी वर्षाला चाळीसच्या वर चित्रपट काढत होती. त्यांतले कितीतरी घाईत उरकलेले आहेत, ते मी काउंटरवर बसून बघितलेत आणि काही शेवटपर्यंत बघवले नाहीत. पण त्याच कंपनीने जॉन कॅसाव्हेटीस ह्या अमेरिकन दिग्दर्शकाला ‘लव्ह स्ट्रीम्स’ काढू दिला, त्याला १९८४ मध्ये बर्लिन महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक, गोल्डन बेअर, मिळालं. रशियन दिग्दर्शक कोंचालोव्स्कीच्या ‘रनअवे ट्रेन’ला ऑस्करची तीन नामांकनं होती. आणि फ्रान्सचा दिग्दर्शक गोदार, त्याच्याशी ‘किंग लिअर’चा करार गोलानने कानमध्ये जेवणाच्या टेबलावरच्या रुमालावर लिहून केला. आमच्याकडे ह्यांतला फक्त ‘रनअवे ट्रेन’ आला होता. तो वर्षभरात चार जणांनी नेला. त्या चौघांची नावं रजिस्टरात आहेत, आणि मला आठवतात ती माणसं, दोघं कॉलेजात शिकवणारे होते.

आता दुरुस्तीविषयी. व्हीसीपी चालू केला की दिवा लागायचा, कॅसेट अर्धी आत जायची आणि कुरकुर करून बाहेर यायची. दुकानाच्या मालकांनी, म्हणजे भाऊंनी, झाकण उघडलं, टॉर्च धरला आणि मला बोलावून दाखवलं. लोडिंगचा रबरी बेल्ट वितळून पुलीला डांबरासारखा चिकटला होता. "नागपूरच्या उन्हाळ्यात माळ्यावर ठेवलं न काकू, मग असंच होऊन राहते." पुली त्यांनी काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटने पुसली, कापूस काळा झाला की नवा, असं वीसएक वेळा. मग दोऱ्याने बेल्टची लांबी मोजली. पत्र्याच्या एका डब्यात शेकडो जुने-नवे बेल्ट आहेत, त्यातून दोन काढून ताणून बघितले, एक ठेवला. टेप ओढणारा रबरी रोलर टणक झाला होता, तो बदलला. हेड, म्हणजे टेपवरचं चित्र वाचणारा भाग, साफ करताना मात्र कापूस नाही वापरला. कोऱ्या कागदाची पट्टी ओली करून हेडच्या ड्रमला टेकवली, कागद स्थिर धरला आणि ड्रम हळूहळू हाताने फिरवला. वर-खाली घासलं तर हेडचं टोक तुटतं, म्हणाले. पूर्वी आमच्याकडे येणारा मेकॅनिक फडक्याने खसाखसा पुसायचा, आमची दोन हेडं त्यात गेली होती, ते तेव्हा कळलं नाही.

ही फुनाई जगात व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी होती, २०१६ मध्ये तिनेही बंद केलं. तेव्हा नवा पार्ट कुठून येणार? भाऊ मेलेल्या मशिनी किलोने घेतात आणि त्यांतून पार्ट काढतात. कोपऱ्यात छतापर्यंत थप्पी आहे. जिवंत पार्टवर पांढऱ्या खडूने खूण करून ठेवतात. इतकी निगुतीने ठेवलेली जागा बर्डीवर मी दुसरी बघितली नाही.

चाचणीसाठी मी ‘डेल्टा फोर्स’ दिली होती. गोलानने स्वतः दिग्दर्शित केलेला, १९८६ चा. आदल्या वर्षीच्या जूनमध्ये टीडब्ल्यूए ह्या अमेरिकन कंपनीचं विमान अथेन्सहून निघाल्यावर पळवलं होतं, त्यावरून बेतलेला. पुन्हा तीच तडफ, घटना घडून वर्ष होत नाही तोवर पिक्चर टॉकीजमध्ये. चित्रीकरण इस्रायलमध्येच केलं. सुरुवातीला रात्रीचं वाळवंट आणि जळणारं हेलिकॉप्टर आहे. दुकानातल्या छोट्या टीव्हीवर आधी नुसते पांढरे पट्टे आले, भाऊंनी ट्रॅकिंगचं बटण केसभर फिरवलं, पट्टे खाली सरकत सरकत गेले आणि आगीचा केशरी रंग उमटला. खाली मोबाइल दुरुस्त करणारा मुलगा चहा घेऊन वर आला होता, तो उभाच राहिला. संगीतकार अॅलन सिल्व्हेस्ट्रीची ती धून सुरू झाली तेव्हा मी भाऊंना म्हटलं, "भाऊ, नाव येईल तेव्हा थांबवा." त्यांनी बरोबर थांबवलं. थरथरत्या चित्रावर ‘मेनाहेम गोलान’ हे नाव, मधून एक आडवी रेघ गेलेली. इतक्या वर्षांत मी ते नाव कव्हरवर वाचलं होतं, पडद्यावर थांबून वाचलं नव्हतं. काउंटरवर बसलेल्या बाईला अख्खा पिक्चर सलग बघायला कधी मिळतो?

तो मी घरी आणून सलग बघितला, ह्यांच्यासोबत, रविवारी दुपारी. पोरांना आठवतो तो शेवटचा भाग, चक नॉरिस आणि त्याची रॉकेट सोडणारी मोटरसायकल. मला आता त्यात गोडी वाटली नाही. तिथे शत्रू म्हणजे नुसते पडण्यासाठी उभे केलेले पुतळे आहेत, अरब माणूस दिसला की तो वाईटच, हे मला खटकलं आणि त्या वेळीही आमच्या गल्लीतल्या काही घरांना खटकलं असणार. पण पहिला तास जपून बघा. विमानात अपहरणकर्ता हवाई सुंदरीला सांगतो की पासपोर्ट बघून ज्यू प्रवासी वेगळे काढ. ती हन्ना शिगुल्लाने केली आहे. ती जर्मन आहे, आणि तेवढ्याचसाठी ती म्हणते की हे काम मी करू शकत नाही. तिचा चेहरा बघा तिथे. पुढे ज्यूंना वेगळं बसवतात तेव्हा एक म्हातारा पाद्री, जॉर्ज केनेडी, आपल्या जागेवरून उठतो, मीही त्यांच्यातलाच म्हणतो आणि त्यांच्यात जाऊन बसतो. कॅमेरा काही करामत करत नाही. नुसता माणूस उठतो आणि चालत जातो. हा प्रसंग ज्याने असा घेतला, त्याला मी मारधाडीचा दिग्दर्शक म्हणून सोडून देणार नाही. त्यात काम केलेल्या ली मार्विनचा हा शेवटचा चित्रपट, पुढच्या वर्षी तो गेला.

आणि पंजावाली. ‘ओव्हर द टॉप’, १९८७, दिग्दर्शन पुन्हा गोलान. सिल्व्हेस्टर स्टॅलोन ट्रक चालवतो, पंजा लढवतो, आणि दुरावलेल्या मुलाला जवळ करतो. अमेरिकेत तो पडला, असं पुढे वाचलं. आमच्या काउंटरवर नाही पडला. लढायच्या आधी स्टॅलोन टोपी उलटी फिरवतो ना, तसं करून पोरं आमच्याच काउंटरवर कोपर टेकवून पंजा लढवायची, काच दोनदा तडकली. ही एकच इंग्रजी कॅसेट मी बायकांना आपणहून द्यायचे. "भाषा कळत नाही हो," म्हणायच्या. मी म्हणायचे, न्या तर खरं, बाप-लेकाचं आहे. परत करताना एकीचे डोळे लाल होते. ती काही बोलली नाही, दुसऱ्या दिवसाचे दहा रुपये ठेवून पुन्हा घेऊन गेली. त्या बाईचा नवरा ट्रकवर होता, आठवड्याने घरी यायचा.

कॅननचं पुढे बिनसलं. ऐपतीबाहेर खरेदी झाली, इंग्लंडमधली टॉकीजची साखळीसुद्धा घेऊन टाकली. ‘सुपरमॅन’च्या चौथ्या भागाचं बजेट निम्म्यावर आणलं आणि ते पडद्यावर दिसतं. १९८९ मध्ये गोलान बाहेर पडला. त्यानंतरची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. १९९० च्या मार्चमध्ये लांबाडा नाचावर दोन पिक्चर एकाच दिवशी लागले, एक ग्लोबसचा, एक गोलानचा. दोघंही आपटले. वाड्यात भाऊबंदकी बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. पण १९९९ मध्ये गोलानला इस्रायल पारितोषिक मिळालं, तिथला सर्वोच्च सन्मान. आणि २०१४ च्या मे महिन्यात कानमध्ये दोघा भावांवरचा माहितीपट दाखवला, तेव्हा गोलान तिथे हजर होता, वय ८४. त्याच ऑगस्टमध्ये तो गेला.

दुकानाच्या तक्रारी दोन, आणि त्या लिहिणं मला भाग आहे. आठ दिवसांत देतो म्हणाले, पाच आठवडे लागले. मधे फोन उचलत नव्हते, दोनदा महालातून जाऊन परत आले, माझे गुडघे दुखतात आणि तो जिना सोपा नाही. उशीर होणार असेल तर एक फोन करायला हवा. दुसरी तक्रार मोठी. मुलाच्या मुंजीची १९९१ ची कॅसेट त्यांच्याकडून पेनड्राइव्हवर करून घेतली. घरी लावली तर चित्र आडवं ताणलेलं, सासूबाई दुप्पट रुंद. जुनं चौकोनी चित्र नव्या लांबट टीव्हीला पुरवायला मशीनमध्ये ताणलं गेलं होतं. माझ्याकडे सासूबाईंचं हलतं-बोलतं चित्र तेवढंच आहे, मला रडू आलं. परत नेलं तेव्हा भाऊंनी वाद घातला नाही, मान खाली घालून "चूक झाली, काकू" म्हणाले, समोर बसवून पुन्हा केलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. आता दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात आणि मधे सासूबाई जशा होत्या तशा आहेत.

बिल असं झालं: बेल्ट आणि रोलर ९५०, हेडची सफाई ३००, कॅसेट पेनड्राइव्हवर करण्याचे ४००. एकूण १,६५० रुपये. सहा महिन्यांची तोंडी हमी, पावती देत नाहीत, ती मागून घ्या. सिनेमाच्या कॅसेटांची कॉपी ते करून देत नाहीत, फक्त घरच्या चित्रीकरणाची करतात, आणि हे मला आवडलं. आम्ही ज्या प्रिंटा फिरवल्या त्या कुठून यायच्या हे मला माहीत आहे, त्या वेळी कुणी विचारलं नाही, पण बनवणाऱ्याला त्यातला एक पैसाही पोचला नाही.

जाताना रिमोट आणि पिवळी-पांढरी-लाल वायर सोबत न्या. तुमच्या टीव्हीला तशी भोकं नसतील तर एक छोटी डबी लागते, ती खालच्या गल्लीत मिळते. दुपारी दीड ते तीन बंद असतं. कॅसेट खिडकीतून बघून न्या, रिळाच्या कडेला पांढरे ठिपके दिसले तर ती मशीनमध्ये घालू नका, ती बुरशी आहे आणि ती हेडला लागते.

माझ्या ‘एंटर द निंजा’ला तशीच बुरशी आहे. भाऊंनी पाचही स्क्रू काढून कॅसेट उघडली, भिंगातून बघितली आणि पुन्हा मिटली. पावसाळी हवेत पुसलं तर ओल आतच राहते, दसऱ्यानंतर ऊन कडक झालं की करू, म्हणाले. कॅसेट त्यांच्याकडेच ठेवून आले आहे. तिच्यावर त्यांनी खडूने खूण केली आहे, जिवंत पार्टवर करतात तीच.